ऑकलंडचा नाखवा विल्यम सँडर्स



मागच्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, आम्ही उभयता मुलीकडे न्यूझीलंडला जाऊन आलो. ऑकलंडच्या धक्क्यावरून समोरच्या डेव्हनपोर्टला फेरीबोट जाते. दहा-बारा मिनिटांचा प्रवास. पाण्याचा वास, दोरखंड फेकणारा खलाशी, बोट लागायच्या आधीच उठून उभे राहणारे उतारू, हे सारे पाहून आम्हांला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटणारी लाँच आठवली. फरक एवढाच, की इथे कोणाच्या हातात सुक्या मासळीची टोपली नव्हती.

डेव्हनपोर्टला न्यूझीलंडच्या आरमाराचा तळ आहे. त्याच्या दाराशी दोन नळ्यांचा एक जुना तोफांचा घुमट ठेवला आहे. सहा इंची तोफा, वर राखाडी रंग. 'अकिलीस' नावाच्या क्रूझरवरचा हा घुमट. ते नाव वाचून आम्ही थबकलो, कारण या बोटीला आपल्यापैकी पुष्कळांनी मुंबईच्या बंदरात डोळे भरून पाहिले आहे. तेव्हा तिचे नाव होते 'दिल्ली'.

१३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेजवळ, रिव्हर प्लेटच्या मुखासमोर, 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी जी लढाई झाली, तिच्यात तीन बोटी होत्या. त्यांतली एक अकिलीस. तिच्यावरचे निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे. त्या दिवशी तिच्यावर चार माणसे पडली आणि कप्तान पॅरी यांच्या पायांत तोफगोळ्याचे तुकडे घुसले. पुढे ५ जुलै १९४८ रोजी हीच बोट हिंदुस्थान सरकारने घेतली आणि 'दिल्ली' म्हणून आपल्या आरमारात दाखल केली. योगायोग असा, की त्याच वर्षी हिंदी आरमाराचे मुख्य सेनापती म्हणून जे आले ते हेच पॅरीसाहेब. जिच्यावर आपले रक्त सांडले तीच बोट त्यांना मुंबईत पुन्हा भेटली. १९५० साली पंडित नेहरू हिच्यातूनच इंडोनेशियाला गेले. १९६१ च्या डिसेंबरात दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या त्या हिनेच. रिव्हर प्लेटच्या लढाईवर इंग्रजी सिनेमा निघाला, तेव्हा अकिलीसचे काम करायलाही हीच गेली. ज्याचा त्यानेच वेष घ्यावा तसा तो प्रकार. १९६९ साली ती एकदा आपल्या जुन्या माहेरी न्यूझीलंडला जाऊन आली आणि १९७८ साली सेवेतून निवृत्त झाली. मग ती मोडीत निघाली आणि तिचा एक घुमट न्यूझीलंडला भेट म्हणून धाडण्यात आला. त्याच घुमटावर हात टेकून आम्ही उभे होतो. नौदल सप्ताहात गेटवेसमोर दिव्यांच्या माळा लावून उभी असलेली 'दिल्ली' पाहायला आपण मुले कशी रांग लावत असू, ते आम्ही नातवाला सांगितले. त्याला ते फारसे पटले नाही. त्याच्या हिशेबी तोफ ती तोफ, आणि ती त्याच्या गावची.

परंतु आज आम्हांला लिहायचे आहे ते या बोटीविषयी नव्हे. याच बंदरातून लहान वयात समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या एका माणसाविषयी लिहायचे आहे. डेव्हनपोर्टपासून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला गेले की टाकापुना लागते. तिथे एका रस्त्याला सँडर्स अॅव्हेन्यू म्हणतात. तो सँडर्स कोण, हे विचारता विचारता ही हकीकत आमच्या हाती लागली.

विल्यम एडवर्ड सँडर्स याचा जन्म ७ फेब्रुवारी १८८३ रोजी ऑकलंडच्या किंग्सलंड भागात झाला. बापाचा धंदा बूट बनवण्याचा. पुढे घर टाकापुनाला गेले. समोर समुद्र, मागे सरोवर, मधोमध हा मुलगा. असा मुलगा चामड्याच्या दुकानात रमेल असे बापाला वाटले असेल तर ती त्याची भाबडी आशा. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८९९ साली, 'कापानुई' नावाच्या किनाऱ्याने ये-जा करणाऱ्या छोट्या आगबोटीवर तो केबिनचा पोऱ्या म्हणून लागला. भांडी घासणे, चहा देणे, डेक धुणे ही कामे. आपल्या कोकणातल्या कितीतरी पोरांनी मुंबईच्या बोटींवर अशीच सुरुवात केली आहे.

त्यानंतर तो 'हिनेमोआ' या सरकारी बोटीवर गेला. या बोटीचे काम मोठे नमुनेदार होते. न्यूझीलंडच्या दक्षिणेला, बर्फाळ वाऱ्यांच्या पट्ट्यात, निर्मनुष्य बेटे आहेत. पूर्वी शिडाची जहाजे त्यांच्यावर आपटून फुटत. वाचलेल्या खलाशांसाठी सरकारने त्या बेटांवर अन्न, कपडे आणि आगकाड्या भरलेल्या झोपड्या उभारल्या होत्या. हिनेमोआ दीपगृहांना शिधा पोहोचवी आणि या झोपड्याही तपासून येई. कोणी वाट पाहत बसला आहे का, ते बघे. समुद्रात हरवलेल्या माणसाला शोधायला कोणी तरी जायचे असते, हे सँडर्स कोवळ्या वयातच शिकला असला पाहिजे.

मग मोठी शिडाची जहाजे आली. आगबोटींचा जमाना सुरू झाला होता, पण दर्यावर्दी म्हणवून घ्यायचे तर शिडे हाताळता आली पाहिजेत, असे मानणारे लोक तेव्हा होते. ऑगस्ट १९१४ मध्ये तो 'जोसेफ क्रेग' या जहाजावर असताना होकिआंगाच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर ते फुटले. सँडर्स वाचला. हा ऑगस्ट महिना वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच महिन्यात महायुद्ध पेटले. आणि ४ ऑगस्टला, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, 'एल्झ' नावाचे तीन डोलकाठ्यांचे एक जर्मन गलबत इंग्रजांनी पकडले. युद्धातली ही पहिलीच लूट, म्हणून त्याचे नाव पुढे 'प्राइझ' पडले. सँडर्सच्या पायाखालचे एक जहाज गेले आणि ज्यावर त्याचा शेवट व्हायचा होता ते दुसरे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याच महिन्यात तयार होऊ लागले. आम्ही नशिबावर भाषण देत नाही. तारखा जशा आहेत तशा मांडल्या.

न्यूझीलंडहून सैनिक नेणाऱ्या बोटींवर काही काळ अधिकारी म्हणून काम करून सँडर्स इंग्लंडला पोहोचला. एप्रिल १९१६ मध्ये त्याला रॉयल नेव्हल रिझर्व्हमध्ये सब-लेफ्टनंटचे पद मिळाले. व्यापारी जहाजांवर वाढलेला, बूटवाल्याचा मुलगा, वय तेहेतीस. पिढीजात आरमारी अधिकाऱ्यांच्या पंक्तीला असा माणूस एरवी बसला नसता. पण तेव्हा इंग्लंडला नेमकी अशाच माणसांची गरज पडली होती.

ती गरज कशी, हे थोडे समजावून सांगायला हवे. जर्मन पाणबुड्या इंग्लंडकडे जाणारी मालवाहू जहाजे बुडवीत होत्या. एका पाणबुडीत पाणतीर मोजकेच मावतात. म्हणून लहानसे गलबत दिसले की पाणबुडी वर येई, लोकांना होडीत उतरायला लावी आणि तोफेने गलबत फोडून टाकी. इंग्रजांनी यावर एक युक्ती काढली. दिसायला गरीब बिचारे मालवाहू गलबत, पण आत लपवलेल्या तोफा. पाणबुडी जवळ आली, की खोटे पडदे पाडायचे, आरमाराचा बावटा चढवायचा आणि मग मारा करायचा. अशा बोटींना 'क्यू' जहाजे म्हणत. वरच्या माणसांनी मळके कपडे घालायचे, सलाम ठोकायचा नाही, शिस्तीचे चिन्ह दिसू द्यायचे नाही. आणि पाणबुडीने तोफ डागली, की काही खलाशांनी घाबरून पळाल्याचे सोंग करून होडीत उडी घ्यायची.

ही युक्ती सगळ्यांनाच आवडली नव्हती, आणि आम्हांलाही ती सहज गिळवत नाही. तिच्यामुळे खऱ्या गरीब गलबतांवरही जर्मनांचा विश्वास उडाला, आणि न विचारता बुडवण्याला त्यांना आणखी एक निमित्त मिळाले. पण त्या जहाजांवर जे बसले होते त्यांच्या बाजूने पाहिले, तर ते आपले शरीर आमिष म्हणून गळाला लावत होते. गोळे पडत असताना पालथे निजून राहायचे, शेजारचा जखमी झाला तरी ओरडायचे नाही, आणि हुकूम येईपर्यंत वाट पाहायची. हे काम कोणाला जबरदस्तीने सांगता येत नाही.

फेब्रुवारी १९१७ मध्ये सँडर्सला प्राइझची कप्तानी मिळाली. दोनशे टनांचे गलबत, दोन लपवलेल्या तोफा. ३० एप्रिल १९१७ च्या संध्याकाळी आयर्लंडच्या दक्षिणेला त्याची गाठ यू-९३ या पाणबुडीशी पडली. तिचा कप्तान फ्राइहर फॉन श्पीगल. पाणबुडी नवी कोरी, पहिल्याच सफरीवर. तिने दुरूनच गोळे टाकायला सुरुवात केली. प्राइझची एक होडी ठरल्याप्रमाणे खाली उतरली आणि घाबरल्यासारखी वल्ही मारत दूर गेली. बाकीचे डेकवर आडवे. वीसेक मिनिटे गोळे पडत होते. इंजिन निकामी झाले, बिनतारी यंत्राची खोली उडाली, पाणी आत येऊ लागले, माणसे जखमी झाली. सँडर्स सरपटत एकेकापाशी जाई आणि हळू आवाजात धीर देई. श्पीगल अजून दूर होता. आत्ता तोफ डागली तर तो बुडी मारून निसटणार, आणि थांबले तर गलबतच बुडणार, असा पेच.

सँडर्स थांबला. पाणबुडी वळसा घेत सत्तर-ऐंशी यार्डांवर आली, तेव्हा त्याने बावटा चढवायला सांगितले आणि दोन्ही तोफा उघड्या पडल्या. चारेक मिनिटांत सगळे आटोपले. पाणबुडीवरची तोफ गोळंदाजासकट उडाली, तिच्या अंगाला भगदाडे पडली, आणि ती धुरात व अंधारात दिसेनाशी झाली. कप्तान श्पीगल आणि दोघेजण पाण्यात फेकले गेले होते. ज्या होडीतून 'घाबरलेले' खलाशी पळाले होते, तिनेच या तिघांना पाण्यातून वर ओढून घेतले.

पुढचा भाग आम्हांला लढाईहून अधिक मोलाचा वाटतो. प्राइझ बुडायच्या बेतात होते. इंजिन बंद, किनारा लांब, वारा नाही. त्या तिघा जर्मन कैद्यांनी शब्द दिला, आणि भोके बुजवायला व इंजिन चालू करायला हातभार लावला. थोड्या वेळापूर्वी जे एकमेकांना मारायला निघाले होते, ते आता एकाच फुटक्या गलबतातले पाणी उपसत होते. समुद्रावर असे घडते. शेवटी एका मोटर लाँचने त्यांना ओढून आयर्लंडच्या किन्सेल बंदरात आणले.

दोन्ही कप्तानांची खात्री झाली होती, की यू-९३ तळाला गेली. तसे झाले नव्हते. तिच्यावरच्या एका तरुण दुय्यम अधिकाऱ्याने, बुडी मारता न येणारी ती फुटकी पाणबुडी पृष्ठभागावरूनच, लपत छपत, नऊ दिवसांनी जर्मनीच्या सिल्ट बेटाला परत नेली. शौर्य तिकडेही होते, हे लिहून ठेवणे भाग आहे. आणि त्या परतीबरोबर प्राइझचे वर्णनही जर्मनांच्या हाती पडले. तीन डोलकाठ्या, अमुक बांधणी, अमुक जागी तोफा. यापुढे हे गलबत गरीब बिचारे राहिले नाही.

सँडर्सला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २२ जून १९१७ च्या लंडन गॅझेटात तशी नोंद झाली, पण कशाबद्दल ते काहीच सांगितले नाही. शौर्य आणि कौशल्य दाखवले, एवढेच मोघम लिहिले. क्यू जहाजे ही गुप्त बाब होती. म्हणजे टाकापुनाला बसलेल्या आईबापांना कळले, की आपल्या मुलाला साम्राज्यातले सर्वांत मोठे पदक मिळाले, पण त्याने केले काय, हे कळले नाही. शेजारीपाजारी अभिनंदनाला येत असतील आणि विचारत असतील. काय उत्तर देत असतील ते? सगळी हकीकत सरकारने युद्ध संपल्यावर, नोव्हेंबर १९१८ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर मुलगा जाऊन सव्वा वर्ष झाले होते. आरमारातल्या लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला न्यूझीलंडचा हा एकच माणूस.

जून महिन्यात प्राइझची आणखी एका पाणबुडीशी चकमक झाली, तिच्याबद्दल त्याला डी.एस.ओ. हे दुसरे पदक मिळाले. ऑगस्टमध्ये एक नवा डाव आखण्यात आला. प्राइझने पुढे चालायचे आणि डी-६ ही इंग्रजांची पाणबुडी पाण्याखालून तिच्या मागोमाग राहील. आमिषाच्या मागे दडलेला दुसरा शिकारी. १३ ऑगस्टला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या पाण्यात यूबी-४८ ही जर्मन पाणबुडी दिसली. प्राइझने तोफा उघडल्या, पण घाव वर्मी बसला नाही आणि ती बुडी मारून गेली. या वेळी फसलेला शत्रू पळाला नाही. त्याने गलबत ओळखले होते. रात्र पडेपर्यंत तो पाठीशी राहिला, आणि १४ ऑगस्ट १९१७ च्या पहाटेपूर्वी त्याने पाणतीर सोडला. डी-६ वरच्या माणसांना स्फोट जाणवला. उजाडल्यावर त्यांनी वर येऊन पाहिले. समुद्र मोकळा होता. सत्तावीस माणसांपैकी एकही मिळाला नाही.

मंगळवार होता तो. आपल्या पंचांगाप्रमाणे २६ आव ५६७७. सँडर्सचे वय चौतीस.

जून १९१८ मध्ये ऑकलंडच्या टाउन हॉलात गव्हर्नर-जनरल लॉर्ड लिव्हरपूल यांनी ते पदक त्याच्या वडिलांच्या हाती दिले. आज ते ऑकलंडच्या युद्धस्मारक संग्रहालयात ठेवले आहे. काशाचा छोटासा क्रॉस, वर मळकट रंगाची फीत. माणसाच्या तळहातात मावेल. कबर नाही. इंग्लंडात प्लिमथला समुद्राकडे तोंड करून आरमाराचे जे स्मारक आहे, त्यावर हजारो नावांत त्याचे नाव आहे. म्हणजे जन्मगावापासून ते नाव अर्ध्या पृथ्वीएवढे लांब.

टाकापुनाच्या लोकांना ते पुरेसे वाटले नसावे. दगडी खांबाखेरीज त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती आम्हांला फार आवडली. १९२१ साली त्याच्या नावाने शिडाच्या होड्यांची शर्यत सुरू झाली, सँडर्स कप. चौदा फुटी होड्या, एका ठरावीक मापाच्या, प्रत्येक प्रांताने आपली एक आणायची. तेव्हाचे गव्हर्नर-जनरल होते लॉर्ड जेलिको. जटलंडच्या लढाईत इंग्रजांच्या अवघ्या आरमाराचे सेनापती तेच होते. त्यांचे तेव्हाचे मुख्य जहाज 'आयर्न ड्यूक'. न्यूझीलंडात आल्यावर त्यांनी याच वर्गातली एक इवलीशी होडी बाळगली आणि तिलाही नाव दिले आयर्न ड्यूक! म्हाताऱ्या सेनापतीची ही थट्टा लोकांना भारी आवडली. गलबतावर मेलेल्या नाखव्याची आठवण, शिडे कशी बांधायची हे तरुण पोरांना शिकवून ठेवायची, यात एक शहाणपण आहे. आपल्याकडे कोणाच्या नावाने फार तर कपाट किंवा पंखा देतात.

आता वाचक म्हणतील, या परक्या माणसाच्या कथेत तुम्ही एवढे का गुंतलात? खरे सांगायचे तर त्या बिनकबरेच्या गोष्टीने. आपली स्वतःची गोष्टच मुळी समुद्रात बुडालेल्यांपासून सुरू होते. नवगावच्या किनाऱ्यापाशी तारू फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण त्या सांगण्याचा दुसरा अर्धा भाग आपण पटकन उरकतो. लाटांनी बाहेर टाकलेली प्रेते वाचलेल्यांनी गोळा केली आणि नवगावलाच पुरली, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. त्या उंचवट्यांवर नावे नाहीत. तरी अलिबागला गेलेला आपला माणूस तिथे गेल्याशिवाय परतत नाही. पुढेही समुद्राशी आपले नाते राहिले. आंग्र्यांच्या आरमारात चुरीकर घराण्यातल्या पुरुषांनी अधिकाराच्या जागा सांभाळल्या. आपल्या काळात व्हाइस अॅडमिरल बेंजामिन अब्राहाम सॅमसन हिंदी आरमाराच्या ताफ्याचे सेनापती झाले. गोदीत काम केलेली माणसे तर आपल्या घरोघरी होती.

समुद्रात गेलेल्यासाठी हश्काबा म्हणायची ती कोणत्या तारखेला? मृत्यू झाला हे कोणी पाहिले? त्याच्या बायकोने काय समजावे? आपल्या शास्त्रींनी यावर दोन हजार वर्षांपूर्वीच डोके शिणवले आहे. ज्या पाण्याचे सगळे काठ दिसतात तिथे माणूस बुडाला, आणि वर आला नाही, तर तो मेला असे धरता येते. पण 'मायिम शे-एन लाहेम सोफ', ज्या पाण्याला अंत नाही त्यात तो गेला, तर कोण जाणे, कुठल्या तरी दूरच्या किनाऱ्याला लागला असेल. म्हणून त्याच्या बायकोला पुन्हा लग्न करता येत नाही. ती आगुना, अडकलेली. नियम कठोर वाटतो. पण त्याच्या मुळाशी आशाच आहे, आणि आशा किती छळते हे ज्यांनी वाट पाहिली त्यांना ठाऊक.

इस्रायलात आल्यावर हा प्रश्न आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला. २५ जानेवारी १९६८ रोजी 'दाकार' ही पाणबुडी इंग्लंडहून हैफाला येताना भूमध्य समुद्रात नाहीशी झाली. वर ६९ माणसे. ती लढाईत बुडाली नव्हती, पण सहा दिवसांच्या युद्धाला तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि नाना तर्क उठले. शत्रूने पकडून नेले असेल, कोणी तरी जिवंत असेल. वर्षभराने गाझाच्या किनाऱ्यावर तिचा एक तरंगता बोया सापडला. रब्बी श्लोमो गोरेन यांनी शास्त्रार्थ करून त्या खलाशांच्या बायकांना मोकळे केले. तरीही पाणबुडी प्रत्यक्ष सापडली ती मे १९९९ मध्ये, तीनेक हजार मीटर खोल. एकतीस वर्षे काही आया दाराकडे कान लावून होत्या.

आणि हर हर्झलवर ज्यांनी 'एरिनपुरा'चे स्मारक पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. १ मे १९४३ रोजी जर्मन विमानांनी बुडवलेल्या त्या बोटीवर इंग्रज सैन्याच्या ४६२ व्या वाहतूक तुकडीतले आपले १४० यहुदी जवान गेले. बोट ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, म्हणजे जिच्या बोटी आपण मुंबईत रोज पाहत असू तीच कंपनी. स्मारक म्हणजे पाण्याची एक टाकी, आणि नावे तिच्या तळाशी. वाचायची तर पाण्यातून वाचावी लागतात.

सँडर्सच्या कथेत एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी होती. स्फोट झाल्याचे कोणाला तरी कळले होते, तारीख निश्चित होती. न्यूझीलंडच्या पुढच्या पिढीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १९ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास 'नेपच्यून' ही क्रूझर त्रिपोलीच्या बाहेर सुरुंगांच्या पट्ट्यात शिरली. हनुक्काची पाचवी वात त्या संध्याकाळी लावून झाली होती. माल्टाहून निघालेला हा ताफा शत्रूच्या तांड्याला गाठायला चालला होता. पहिला सुरुंग, दुसरा, तिसरा. मदतीला आलेली 'कांदाहार' ही विनाशिकाही सुरुंगावर गेली. चौथ्या सुरुंगाने नेपच्यून उलटली. बुडालेल्यांत दीडशे जण न्यूझीलंडचे होते, बहुतेक विशी-बाविशीचे. 'रॉयल न्यूझीलंड नेव्ही' हे नाव मिळून त्या आरमाराला तीन महिनेही झाले नव्हते, आणि सबंध देशाची वस्ती तेव्हा सोळा लाखांच्या आसपास. एका बोटीवर त्या आरमाराची एवढी माणसे दुसऱ्या कोणत्याही दिवशी गेली नाहीत.

तिचे कप्तान रोरी ओकॉनर हे मोठे नमुनेदार गृहस्थ. लढाईआधी त्यांनी मोठे जहाज कसे चालवावे यावर पुस्तक लिहिले होते, आणि त्यात खलाशांसाठी दहा आज्ञा घातल्या होत्या! मोशे राब्बेनूंची नक्कल म्हणा हवी तर. पण माणसाशी माणसासारखे वागावे हा त्या आज्ञांचा गाभा होता, आणि खलाशी त्यांच्यावर जीव टाकीत. बोट बुडाल्यावर ते व आणखी काही जण एका तराफ्यापाशी होते. थंडीने, तहानेने एकेक जण सुटत गेला. पाच दिवसांनी, २४ डिसेंबरला, इटलीच्या एका बोटीने तो तराफा गाठला, तेव्हा सबंध नेपच्यूनवरचा एकच माणूस पुढे जगला, नॉर्मन वॉल्टन. तो इटलीत कैदेत पडला. ऑकलंड, वेलिंग्टन, ड्युनेडिनच्या घरांत तारा गेल्या त्या फक्त 'बेपत्ता' एवढ्याच. त्या शब्दावर घरच्यांनी दिवस काढले. कोणी वाढदिवसाचे मोजे विणून ठेवले असतील. पाण्याला अंत नसतो म्हणतात तो असा.

दरवर्षी २५ एप्रिलला, अॅन्झॅक दिनी, न्यूझीलंडात पहाटे अंधारात लोक स्मारकांपाशी जमतात. बिगूल वाजते, कोणी फार बोलत नाही, उजाडते, आणि मग सगळे चहा-बिस्किटे घेऊन घरी जातात. आमच्या मुलीने सांगितले, की पहिल्या वर्षी तिला वाटले आता भोंगा वाजेल आणि रस्त्यावरच्या गाड्या थांबतील. भोंगा वाजला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मात्र तिच्या कोटाला लाल कागदी पॉपीचे फूल टोचून दिले आणि विचारले, "तुमच्याकडचे कोणी होते का?" मुलीला काय सांगावे सुचेना. नंतर आम्हांला फोनवर म्हणाली, "बाबा, नवगावचं सांगायला हवं होतं का?"

आम्ही परतीच्या फेरीबोटीत बसलो तेव्हा ऊन उतरले होते. टाकापुनाच्या बाजूने शिडाच्या लहान होड्यांची एक रांग येत होती. पोरे दोरांवर लोंबकळत, ओरडत, भिजत होती. नातवाने विचारले, यांतली सँडर्सची कुठली? आम्ही म्हटले, सगळ्याच.

आता एक विनंती. 'दिल्ली' या बोटीवर, किंवा मुंबईच्या नौदल गोदीत तिच्या दुरुस्तीवर, आपल्या समाजातल्या ज्या कोणी काम केले असेल त्यांच्या घरी जुना फोटो, ओळखपत्र, टोपीवरची फीत असे काही असल्यास संपादकांकडे कळवावे. मूळ वस्तू पाठवू नये, झेरॉक्स चालेल. २६ आव ही तारीख आम्ही आमच्या पंचांगात खूण करून ठेवली आहे.